फोटो राहिले, नावं गेली : क्लाउडवरची सेवा लेखी हुकमाने उभी करताना

मी वाराणसीहून बोलतो आहे. खिडकी बंद केली आहे, तरी मधूनच गल्लीतल्या मोटारसायकलचा हॉर्न ऐकू येईल. तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय तरुण मुलांचा वाटेल असा आहे. क्लाउडवर एखादी सॉफ्टवेअर सेवा, समजा एक डेटाबेस, माउसने बटणं दाबत न जाता एका लेखी हुकमाने कशी उभी करायची, म्हणजेच कमांड लाइनवरून प्रोव्हिजनिंग कसं करायचं. आयोजकांनी विचारलं, तुम्ही यावर बोलाल का? मी म्हटलं, हा शब्द तर आमच्याच कोठीतून गेलेला आहे. फौजेत प्रोव्हिजनिंग म्हणजे पुढे किती माणसं, किती दिवस, कोणत्या ठिकाणी असणार याचा अंदाज बांधून आटा, डाळ, केरोसीन, औषधं यांची आधीच तजवीज करणं. मराठीत त्याला रसद म्हणतात. संगणकवाल्यांनी तो शब्द उचलला आणि आट्याच्या जागी मेमरी आणि डिस्क घातली. बाकी हिशेब तोच.

रसद मागवण्याचा कागद म्हणजे इंडेंट. त्यात वस्तूचं नाव, नग किंवा वजन, कोणत्या युनिटला, कुठे पोचवायची, कधीपर्यंत आणि मंजुरी कोणाची, एवढं लिहिलेलं असतं. 'थोडा तांदूळ पाठवा' असा इंडेंट नसतो. आणि त्याची प्रत राहते. आज मी इथे असेन, उद्या माझी बदली होईल. माझ्या जागी येणाऱ्याने ती प्रत वाचली की काय मागवलं, का मागवलं, काय आलं आणि काय यायचं राहिलं हे त्याला माझ्याशिवाय कळतं. चार्ज देणं-घेणं हे फौजेतलं फार जुनं काम. मला क्लाउडच्या बाबतीत आज तेवढंच सांगायचं आहे. काळ्या खिडकीत टाइप केलेला हुकूम हुशारी दाखवण्यासाठी नसतो. तो लिहून ठेवता येतो, म्हणून त्याचा चार्ज देता येतो. बटणं दाबून केलेल्या कामाचा देता येत नाही.

हे मला कुठे पटलं ते सांगतो. वाराणसीत मराठी वस्ती जुनी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाचे विधी करणारे गागाभट्ट काशीचे. त्यांच्या घराण्याचं मूळ पैठणचं. १७८० साली विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं राहिलं ते अहिल्याबाईंमुळे. 'आज' या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक बाबूराव विष्णू पराडकर १८८३ साली इथल्याच मराठी घरात जन्मले. पण ही ठळक नावं कुठेही सापडतात. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा घाट या बाजूच्या गल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या साध्या घरांची नावं सापडत नाहीत. वेदपाठी, मास्तर, पोस्टातले कारकून, सुईणी, खाणावळ चालवणाऱ्या विधवा बायका. त्यांची नावं घरच्या फोटोंमागे पेन्सिलीने लिहिलेली असतात, नाहीतर एखाद्या आजीच्या तोंडी असतात.

आमच्या एका मराठी मंडळाने २०१९ मध्ये असे फोटो गोळा केले. मुंजी, लग्नं, गणेशोत्सव, हळदीकुंकू. हजाराच्या वर फोटो स्कॅन झाले. स्कॅन करणं सोपं असतं. अवघड असतं ते प्रत्येक चेहऱ्याखाली नाव लिहिणं. त्यासाठी दोन आज्या रोज दुपारी बसत. एक फोटो पुढे धरायचा, त्या म्हणणार, 'ही आमची नमूआत्या, ही तिची जाऊ, हा पोरगा पुढे इंदूरला गेला.' एक हुशार विद्यार्थी ते टाइप करून घ्यायचा. स्कॅन केलेले फोटो त्याने डिस्कवर ठेवले आणि नावांसाठी एका क्लाउड कंपनीकडे डेटाबेस उघडला. कंपनीचं नाव घेत नाही, आणि आज पडद्यावर दाखवतो आहे तीही ती कंपनी नव्हे. खातं त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर, पैसे त्याच्या डेबिट कार्डातून, महिन्याच्या महिन्याला; मंडळ त्याला रोख देत असे. सगळं बटणं दाबून केलेलं. कागद एकही नाही.

पुढे तो नोकरीला दक्षिणेत गेला. यात त्याचं काही चुकलं नाही, पोरं नोकरीला जाणारच. मग २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेचे कार्डातून आपोआप पैसे जाण्याबद्दलचे नवे नियम लागू झाले, आणि देशभरात असंख्य जुन्या कार्डसूचना नव्याने नोंदवल्याशिवाय चालेनाशा झाल्या. बिल थकलं. कंपनीने नियमाप्रमाणे सूचना पाठवल्या, त्या कॉलेजच्या बंद झालेल्या ईमेलवर गेल्या. मुदत संपली, सेवा काढून टाकली गेली. आम्हाला कळलं ते २०२२ च्या गणपतीत, प्रदर्शन लावायला घेतलं तेव्हा. फोटो डिस्कवर होते. नावं गेली होती. त्या दोन आज्यांपैकी एक दुसऱ्या लाटेत वारल्या होत्या, दुसऱ्यांना आता माणसं ओळखत नाहीत. हळदीकुंकवाचा एक फोटो आहे, त्यात चौदा बायका दाटीवाटीने बसल्या आहेत. त्यांतल्या सातजणी कोण, हे आज या गावात कुणालाही सांगता येत नाही.

याच गावात तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. यात्रेकरू येतो, उपाध्ये गाव आणि आडनाव विचारतात, वही उघडतात आणि त्याच्या पणज्याची सही दाखवतात. ती वही टिकली, कारण ती एका माणसाची नव्हती. बापाकडून मुलाकडे गेली, भावांत वाटणी झाली तर गावंही वाटली गेली. कोणत्या गावाची वही कोणाच्या घरी हे सगळ्या घाटाला ठाऊक. कागद आणि शाई, यापलीकडे तंत्रज्ञान शून्य. पण चार्ज पक्का.

तर दुसऱ्यांदा नावं गोळा करायची ठरली तेव्हा मी म्हटलं, या वेळी मागणी लेखी करायची. आता पडद्यावर पाहा. हुकूम रोमन लिपीत आहे. ई-पुस्तक वाचणाऱ्यांसाठी उच्चाराप्रमाणे सांगतो. उदाहरण अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं घेतलं आहे, दुसऱ्या कंपन्यांचे शब्द वेगळे, रचना बहुतेक अशीच.

एडब्ल्यूएस आरडीएस क्रिएट-डीबी-इन्स्टन्स
--डीबी-इन्स्टन्स-आयडेंटिफायर काशी-नावे-मुख्य
--इंजिन पोस्टग्रेस
--डीबी-इन्स्टन्स-क्लास डीबी.टी३.मायक्रो
--अलोकेटेड-स्टोरेज २०
--मास्टर-युजरनेम कोठीदार
--मॅनेज-मास्टर-युजर-पासवर्ड
--बॅकअप-रिटेन्शन-पिरियड ७
--नो-पब्लिकली-अ‍ॅक्सेसिबल
--डिलीशन-प्रोटेक्शन
--रीजन एपी-साउथ-१

भिऊ नका. हा इंडेंटच आहे. पहिल्या ओळीत कोणत्या भांडाराकडे मागणी आणि कसली, ते. आरडीएस म्हणजे तयार डेटाबेस भाड्याने देणारा विभाग. यंत्र, त्यावरचं सॉफ्टवेअर, त्याची डागडुजी कंपनीकडे, आतला माल आपला. दुसऱ्या ओळीत नाव. हे नाव इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघा यांतच द्यावं लागतं आणि सुरुवात अक्षराने करावी लागते. मराठी लिपी नावात चालत नाही. आतल्या मजकुरात मात्र देवनागरी बिनतक्रार राहते, 'ळ'सुद्धा. नाव विचारपूर्वक द्या. 'टेस्ट', 'नवीन', 'नवीन२' अशी नावं दिलीत तर तीन वर्षांनी कोणतं काढायचं हे कुणालाच सांगता येणार नाही. नावाचा आणखी एक फायदा असा की, चुकून तोच हुकूम दोनदा दिला तर दुसऱ्या वेळी 'या नावाचं आधीच आहे' म्हणून नकार येतो, दोन नग येत नाहीत. त्याच कंपनीत नुसता सर्व्हर मागवण्याचा जो हुकूम आहे, ईसी२ रन-इन्स्टन्सेस, तो दोनदा दिलात तर दोन सर्व्हर येतात आणि दोन बिलंही. तिथे क्लायंट टोकन नावाची खूण जोडून देण्याची सोय आहे, ती वापरावी.

इंजिन म्हणजे डेटाबेसची जात. पोस्टग्रेस फुकट आणि खुलं आहे, म्हणजे उद्या ही कंपनी नको झाली तर माल उचलून दुसरीकडे नेता येतो. क्लास म्हणजे यंत्राचा आकार. टी३ मायक्रो हा अगदी लहान, एक गिगाबाइट मेमरीचा. स्टोरेज २० गिगाबाइट. आम्हाला एवढंही लागत नाही. लहान युनिटने मोठं इंडेंट लावू नये. वाढवता येतं, एकदा दिलेली डिस्क थेट लहान मात्र करता येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमच्या मंडळाची शे-दोनशे नावं असतील तर यातलं काहीही करू नका. एक साधी तक्त्याची फाइल पुरते. आमच्याकडे पुणे, नागपूर, इंदूर, बडोद्याला गेलेल्या घरांनी एकाच वेळी शोधायचं आणि भर घालायची होती, म्हणून डेटाबेस. मालिकेत बोलायचं म्हणून कुणाच्या गळ्यात तोफ बांधणार नाही.

आता 'मॅनेज-मास्टर-युजर-पासवर्ड'. पुष्कळ जण पासवर्ड हुकमातच टाइप करतात. काळ्या खिडकीला स्मरणशक्ती असते. तुम्ही दिलेले हुकूम ती एका फाइलीत जपते, वरचा बाण दाबला की मागचा हुकूम पुन्हा समोर येतो. त्यात पासवर्ड असेल तर तोही येतो. शिवाय हा हुकूम आपण कागदावर छापून चार जणांना देणार आहोत. म्हणून पासवर्ड कंपनीनेच तयार करून तिच्या तिजोरीत ठेवावा, असा हा शब्द आहे. तिजोरीचे थोडे पैसे पडतात. ते द्यावेत.

'नो-पब्लिकली-अ‍ॅक्सेसिबल' म्हणजे कोठीचं दार रस्त्यावर उघडत नाही. आमचं छोटं संकेतस्थळ त्याच आवारातल्या एका लहान सर्व्हरवर चालतं, तेवढ्यालाच आत जाता येतं. 'डिलीशन-प्रोटेक्शन' म्हणजे काढून टाक म्हटलं तरी ती सेवा जात नाही. आधी दुसऱ्या हुकमाने ते कुलूप काढावं लागतं, मग मोडता येते. दोन किल्ल्यांची पेटी.

आणि शेवटी जागा. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित शब्द हाच. 'एपी-साउथ-१' म्हणजे मुंबई. ते केंद्र २०१६ च्या जूनमध्ये सुरू झालं. २०२२ च्या नोव्हेंबरपासून हैदराबादही आहे, 'एपी-साउथ-२'. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात केंद्रं उघडली, त्यांतल्या पुण्याच्या केंद्राला त्यांनी 'सेंट्रल इंडिया' नाव दिलं. पुणेकरांना यात काही नवल वाटलं नसेल. जागा लिहिली नाही, तर यंत्रावर आधी जी ठरवून ठेवलेली असेल ती धरली जाते, आणि ती कधीकधी अमेरिकेतली असते. मग तुम्ही मुंबईची यादी उघडता, तिथे काही दिसत नाही, तुम्हाला वाटतं आपलं काही चालू नाही. बिल मात्र व्हर्जिनियातून चालूच. म्हणून जागा दरवेळी लिहायची.

पानिपतावर धान्य नव्हतं असं आपण म्हणतो. धान्य होतं, ते दुआबात होतं. गोविंदपंत बुंदेल्यांकडे ते जमवून पोचवायचं काम होतं. १७६० च्या डिसेंबरात ते मारले गेले आणि मधला रस्ता अब्दालीच्या हातात राहिला. माल कुठे आहे आणि माणसं कुठे आहेत, यातलं अंतर कागदावर दिसत नाही. म्हणून तर ते लिहायचं.

मग कुणी विचारतं, माल घरीच का नको? एक संगणक माजघरात ठेवू. ठेवा, पण आमच्या गावाचं सांगतो. इथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे, आणि १९७८ च्या सप्टेंबरात नदी ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. पूर येतो तेव्हा अस्सी, नगवा या बाजूच्या वस्त्यांत नावा चालतात, वीज बंद केली जाते, लोक सामान घेऊन वरच्या मजल्यावर जातात. त्यातून वानरं इंटरनेटच्या तारा कुरतडतात. दीड हजार किलोमीटरवरची मुंबई मला माजघरापेक्षा सुरक्षित वाटते. मुंबईतही पाणी भरतं म्हणाल, तर त्या एका केंद्रात एकमेकांपासून अलग ठेवलेले तीन विभाग आहेत. शिवाय आम्ही महिन्यातून एकदा एक प्रत हैदराबादला धाडतो. हैदराबाद मात्र खात्यात आधी आपणहून चालू करून घ्यावं लागतं, नाहीतर हुकूम परत येतो.

हुकूम दिला की काय होतं? पडद्यावर एक लांबलचक पावती येते, त्यात 'क्रिएटिंग' असा शब्द असतो. याचा अर्थ मागणी पोचली. माल आलेला नाही. इथे बरेच जण घाईने पुढचं काम सुरू करतात आणि मग 'जोडणी होत नाही' म्हणून ओरडतात. थांबण्यासाठी वेगळा हुकूम आहे, 'एडब्ल्यूएस आरडीएस वेट डीबी-इन्स्टन्स-अव्हेलेबल' आणि पुढे नाव. तो दर तीस सेकंदांनी जाऊन पाहतो, जास्तीत जास्त साठ वेळा, म्हणजे अर्धा तास. सेवा तयार झाली की तो काही न बोलता परत येतो. गप्प परतला म्हणजे काम झालं. आम्हाला हे अंगवळणी पडायला वेळ लागला. फौजेत वायरलेस गप्प झाला की काळजी वाटते.

आता खर्चाचं बोलू, कारण मंडळं तिथेच मोडतात. बिलावर १८ टक्के जीएसटी धरा. आणि एक शब्द नीट समजून घ्या. 'थांबवणं' म्हणजे 'परत करणं' नव्हे. हा डेटाबेस थांबवता येतो, पण डिस्कचं भाडं चालूच राहतं, आणि सात दिवसांनी तो आपोआप पुन्हा सुरू होतो. कंपनीचा तसा नियमच आहे, लपवलेला नाही, पण वाचतो कोण? दिवाळीला गावी जाताना थांबवून गेलात आणि महिन्याने आलात तर तीन आठवड्यांचं भाडं चढलेलं असेल. खरंच नको असेल तर काढून टाकायचा. आणि काढताना शेवटची प्रत, फायनल स्नॅपशॉट, ठेवायची की नाही हे हुकमातच सांगावं लागतं. 'स्किप-फायनल-स्नॅपशॉट' हे शब्द आमच्या कागदावर लाल शाईत छापले आहेत. ते टाइप करायला दोन माणसं हजर लागतात. रोजच्या ज्या सात दिवसांच्या आपोआप प्रती असतात, त्या मूळ सेवा काढली की सहसा तिच्याबरोबर जातात. म्हणून महिन्याला आतला सगळा मजकूर साध्या फाइलीत उतरवून घेतो, पीजी-डम्प नावाच्या हुकमाने. ती फाइल कुठल्याही संगणकावर उघडते, डोळ्यांनी वाचता येते. आणि वर्षातून एकदा नावं कागदावर छापतो. हो, कागदावर. तीर्थोपाध्यायांची वही मी उगीच सांगितली नाही.

आता चार्ज. खातं मंडळाच्या नावाने, मंडळाच्या ईमेलवर. मुख्य मालकाची किल्ली, जिला रूट म्हणतात, ती रोजच्या कामाला वापरायची नाही; दुहेरी पडताळणी लावून पाकिटात बंद. रोजच्या कामाला दोघांच्या दोन वेगळ्या किल्ल्या, प्रत्येकीला मोजकेच अधिकार. कुणी कोणता हुकूम दिला याची नोंद कंपनीकडे क्लाउडट्रेल नावाच्या दप्तरात राहते, मागच्या ९० दिवसांची तर फुकट पाहता येते. फौजेतल्या गार्डरूमच्या रजिस्टरसारखी. फोन नंबरचाही विचार करा. खात्याला जोडलेला नंबर कुणाच्या खासगी मोबाइलचा असेल तर तो माणूस गेला की कुलूप उघडत नाही. मंडळाने एक सिम घेतलं आहे आणि त्याचा रिचार्ज करणं हे खजिनदार ताईंचं काम आहे. त्या म्हणाल्या, 'मला यातलं काही कळत नाही, पण रिचार्ज कळतो.' मला तर तेच हवं होतं.

ताईंना मी हुकमाचा कागद ओळीओळीने वाचून दाखवला. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा, 'सात का? तीस दिवस का नाही?' प्रती ठेवण्याची मुदत पस्तीस दिवसांपर्यंत वाढवता येते. चर्चा झाली, साध्या फाइली असल्यामुळे सात पुरेत असं ठरलं, आणि तसा शेरा कागदाच्या समासात लिहिला. पाहा, सत्तरीच्या पुढच्या, कधी संगणकाला हात न लावलेल्या बाईंनी क्लाउडच्या मागणीवर प्रश्न विचारला, कारण ती त्यांना वाचता आली. बटणांच्या वीस पडद्यांवर त्या काय विचारणार होत्या? आणि ते पडदेही कंपन्या दर काही महिन्यांनी बदलतात. काल उजवीकडे असलेलं बटण आज डावीकडे जातं. हुकमाचे शब्द सहसा तसेच राहतात. याच्याही पुढची पायरी म्हणजे टेराफॉर्मसारखी साधनं, ज्यात सगळी मांडणी एका फाइलीत लिहितात. दहा-वीस सेवा असतील तर जरूर जा तिकडे. एकीसाठी कागद पुरतो.

कागद केला म्हणजे झालं, असं मात्र नाही. सराव न केलेली योजना ही फक्त कागद असते. म्हणून वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, ज्याने ही सेवा उभी केली नाही अशा माणसाला समोर बसवतो आणि तो कागद त्याच्या हातात देतो. मी खोलीत असतो, पण बोलायचं नाही. त्याने शेवटच्या प्रतीवरून दुसऱ्या नावाने नवा डेटाबेस उभा करायचा. त्याचा हुकूम वेगळा आहे, 'रिस्टोर-डीबी-इन्स्टन्स-फ्रॉम-डीबी-स्नॅपशॉट'. मग आत किती नावं आहेत ती मोजायची, मूळच्या आकड्याशी ताडून पाहायची, आणि सरावाची प्रत काढून टाकायची. काढल्याची खात्री यादी पाहून करायची, कारण विसरलेल्या सरावाचंही बिल येतं.

या वर्षी बनारस हिंदू विद्यापीठात पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी बसली होती. विषय भौतिकशास्त्र, संगणकाचं खास शिक्षण नाही. पहिल्या हुकमालाच नकार आला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मग तिचं तिनेच शोधलं. कागदाचा फोटो न काढता कुणीतरी तिला हुकूम व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, आणि वाटेत कुठल्याशा फोनने दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करून टाकली होती. काळ्या खिडकीला लांब रेघ कळत नाही. अवतरणचिन्हांचंही तसंच, फोन ती सुंदर वाकडी करतो आणि हुकूम मोडतो. तिने कागद घेतला, हाताने टाइप केलं, थांबण्याचा हुकूम दिला आणि तोवर खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगून आली. आली तेव्हा सेवा तयार होती. नावांचा आकडा जुळला. मग तिने हळदीकुंकवाच्या फोटोचा क्रमांक टाकला आणि आमच्या नव्या यादीतल्या सात नावांपुढची ओळ वाचली. इंदूरच्या एका घराने आठवं नाव सुचवलं आहे, अजून दुसऱ्या कुणाकडून पक्कं व्हायचं आहे, म्हणून त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. ती म्हणाली, 'काका, या बाईंच्या हातातली अंगठी आमच्या घरातल्या एका फोटोत आहे. मी आजीला विचारते.' मग तिने सरावाची प्रत काढली, यादी तपासली आणि कागदाखाली तारीख घालून सही केली. लांब रेघेबद्दलचा शेराही तिच्याच अक्षरात आहे.

पुढच्या सरावाला खजिनदार ताईंच्या मुलाला बसवायचं ठरलं आहे. तो तयार नाही, पण बसेल.

आता प्रश्न घेऊ. मूळ हुकूम पुन्हा पडद्यावर ठेवतो, उतरवून घ्यायचा त्यांनी घ्या. रेघा मात्र हाताने टाइप करा.